जुनी यंत्रे आणि त्यांच्या जाहिराती

अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या मार्गावर मालेगाव नावाचे तालुक्याचे गाव आहे. मालेगाव म्हटले की पुष्कळांना नाशिक जिल्ह्यातील मोठे शहर आठवते. परंतु हे मालेगाव वऱ्हाडातील असून त्याची ओळख शेतीवरून आहे. पूर्वी ते अकोला जिल्ह्यात मोडत असे. १ जुलै १९९८ रोजी वाशीम हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि मालेगाव त्या जिल्ह्यात आले. येथील शिवारात पूर्वी ज्वारी, कापूस व तूर यांचे राज्य होते. गेल्या काही दशकांत सोयाबीनने त्यांची बरीचशी जागा घेतली आहे. पिके बदलली, तशी शेतीची साधनेही बदलली. आता नांगरट ट्रॅक्टरने होते, पेरणी ट्रॅक्टरला जोडलेल्या यंत्राने होते आणि मळणीसही यंत्रच येते.

तरीही वऱ्हाडातील एखाद्या जुन्या घराच्या परसात गेले, तर गोठ्याच्या कोपऱ्यात गंजलेला लोखंडी नांगर दिसतो. कोठे कडबा कापण्याच्या यंत्राचे जड चाक भिंतीस टेकलेले असते, तर कोठे विहिरीच्या काठी तेलावर चालणाऱ्या जुन्या इंजिनाचा चौथरा तेवढा उरलेला असतो. घरातील वृद्ध माणसे या वस्तूंकडे मोठ्या ममतेने पाहतात. "हे इंजिन सुरू झाले की त्याचा आवाज शेजारच्या गावात ऐकू जाई," असे सांगताना त्यांचा चेहरा खुलतो. या वस्तूंबरोबर जुन्या जाहिरातींचीही आठवण निघते. भिंतीवरील दिनदर्शिका, दुकानावरील पत्र्याच्या रंगीत पाट्या, मासिकांतील नांगराची व पंपाची चित्रे यांनी एका पिढीला यंत्रांची पहिली ओळख करून दिली. ही यंत्रे कशी आली, कशी चालत असत आणि त्यांच्या जाहिरातींतून आज काय शिकता येते, हे समजून घेणे उद्बोधक आहे.

यंत्रे येण्यापूर्वी वऱ्हाडचा शेतकरी मुख्यतः लाकडी अवजारांवर अवलंबून होता. गावचा सुतार बाभळीच्या टणक लाकडाचा नांगर घडवी आणि लोहार त्याला फाळ बसवून देई. काळ्या जमिनीत दरवर्षी खोल नांगरट करण्याचा प्रघात नव्हता. तेथे वखराला अधिक मान होता. वखराच्या खाली लोखंडाची एक आडवी, धारदार पट्टी असते. तिला पास म्हणतात. बैलांनी वखर ओढला म्हणजे पास जमिनीच्या वरच्या थरातून सरकते, तण कापते व ढेकळे मोडते. पेरणीसाठी तिफण असे. तिच्या तोंडाशी असलेल्या चाड्यात बी सोडले की ते पोकळ नळ्यांतून तीन तासांत सारख्या प्रमाणात पडे. पीक हातभर वाढेपर्यंत दोन ओळींमधून डवरा फिरवीत. ही अवजारे साधी दिसत. परंतु त्यांमागे पिढ्यानुपिढ्यांचा अनुभव होता.

मात्र लाकडी नांगराला एक मर्यादा होती. तो जमीन फाडीत असे, पण माती उलटवीत नसे. त्यामुळे हराळी आणि कुंदा यांसारख्या चिवट तणांची खोल गेलेली मुळे जमिनीतच राहत. वरून कितीही वखरणी केली तरी पहिला पाऊस पडताच ती पुन्हा अंकुरत. लोखंडी नांगराची रचना याहून निराळी असते. त्याचा फाळ मातीचा थर खालून कापतो आणि फाळाच्या मागे बसविलेला वक्र पत्रा तो थर उचलून एका बाजूस पालथा घालतो. तणाची मुळे उघडी पडतात व उन्हाळ्याच्या तापात वाळून जातात. मातीचा खालचा थर वर येतो आणि पावसाचे पाणी जमिनीत अधिक मुरते. एका वक्र पत्र्यामुळे एवढा फरक पडतो.

असा नांगर महाराष्ट्रात व आसपासच्या प्रदेशांत रुजविण्याचे श्रेय प्रामुख्याने लक्ष्मणराव किर्लोस्कर यांस दिले जाते. त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्याच्या इच्छेने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, परंतु त्यांना काही रंगांतील भेद ओळखू येत नसे. चित्रकलेचा मार्ग असा बंद झाल्यावर ते यंत्रांच्या आकृती काढण्याकडे वळले आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत तोच विषय शिकवू लागले. पुढे त्यांनी बंधू रामूअण्णा यांच्यासह बेळगावात सायकलींचे दुकान चालविले. यंत्रविषयक परदेशी मासिके ते आवर्जून वाचीत. आपल्या शेतकऱ्यास उपयोगी पडेल असे काही आपण येथेच का बनवू नये, हा विचार त्यांच्या मनात घोळू लागला.

प्रथम त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र बनविले. ज्वारीची धाटे जनावरांपुढे तशीच टाकली, तर ती पाला व कोवळा भाग खातात आणि जाड बुंधे पायांखाली तुडवतात. तीच धाटे बारीक कापून घातली, तर फारसे काही वाया जात नाही. या यंत्रात एका मोठ्या चाकावर वक्र पाती बसविलेली असतात. एका माणसाने चाक फिरवावे आणि दुसऱ्याने कडबा पुढे सरकवावा, म्हणजे पात्यांखालून कुट्टीची रास पडू लागते. चाक जड असल्यामुळे एकदा गती मिळाली की ते स्वतःच्या वेगाने फिरत राहते आणि हाताला श्रम कमी पडतात.

त्यानंतर १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार झाला. परंतु नांगर बनविणे जितके कठीण होते, त्याहूनही तो विकणे कठीण ठरले. लोखंडामुळे जमिनीत विष उतरेल आणि ती नापीक होईल, अशी भीती शेतकऱ्यांच्या मनात होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली, असे सांगतात. या भीतीला आज हसणे सोपे आहे. पण त्या शेतकऱ्याची बाजूही पाहिली पाहिजे. त्याच्याजवळ जमिनीखेरीज दुसरे काही नव्हते. नवा प्रयोग फसला, तर त्याचे वर्ष बुडणार होते आणि घरातील माणसे उपाशी राहणार होती. कारखानदाराचा एक नांगर पडून राहिला असता. शेतकऱ्याचे मात्र सर्वस्व पणाला लागले असते. म्हणून त्याचा संशय अज्ञानातून जितका आला, तितकाच जबाबदारीतूनही आला होता.

असा संशय केवळ शब्दांनी जात नाही. प्रत्यक्ष जमिनीत नांगर चालवून दाखवावा लागला. शेतकऱ्याने उलटलेली माती पाहिली, उघडी पडलेली मुळे पाहिली आणि पुढील हंगामात पीकही पाहिले, तेव्हा हळूहळू विश्वास बसला. खऱ्या अर्थाने हीच लोखंडी नांगराची पहिली जाहिरात होती.

१९१० साली या कारखान्यास बेळगाव सोडावे लागले. तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी साहाय्यास धावून आले. त्यांनी कुंडल रोड या रेल्वेस्थानकाजवळची जमीन दिली. ती माळरानाची असून तिच्यावर निवडुंग माजलेला होता. तेथे कामगार व त्यांचे कुटुंबीय यांनी मिळून जी वसाहत उभी केली, तीच आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी होय. तेथून नांगर, उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे व पाण्याचे पंप दूरदूरच्या गावी जाऊ लागले. पुढे साताऱ्यास धनजीशा कूपर यांच्या कारखान्यातूनही नांगर व इंजिने निघू लागली. परदेशी मालाशी टक्कर देणारी यंत्रे आपल्या मुलखात तयार होऊ शकतात, हे या कारखान्यांनी सिद्ध केले.

यंत्रे दूरच्या गावी जाऊ लागली, तेव्हा प्रत्येक शिवारात नांगर चालवून दाखविणे अशक्य झाले. तेथे छापील जाहिरातीने प्रवेश केला. किर्लोस्करवाडीच्या जाहिरातींचे काम शंकरराव किर्लोस्कर पाहत असत. ते स्वतः शिकलेले चित्रकार होते. १९२० साली त्यांनी 'किर्लोस्कर खबर' नावाचे नियतकालिक सुरू केले. कारखान्याची वार्ता गिऱ्हाइकांपर्यंत पोचविणे हा त्याचा मूळ उद्देश होता. परंतु केवळ मालाची स्तुती कोणी फार काळ वाचीत नाही, हे शंकररावांनी ओळखले. त्यांनी त्यात उद्योग, शिक्षण व समाजसुधारणा यांवरील लेखन छापण्यास आरंभ केला. पुढे हेच नियतकालिक 'किर्लोस्कर' या नावाने महाराष्ट्रातील एक अग्रगण्य मासिक झाले. त्याला १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' या मासिकांची जोड मिळाली. नांगराच्या जाहिरातीसाठी निघालेल्या पत्रातून मराठी वाङ्मयाला एवढे मोठे दालन मिळावे, ही खरोखर नवलाची गोष्ट आहे.

त्या काळच्या खेड्यांत वाचता येणारी माणसे थोडी होती. म्हणून शेतीच्या यंत्रांच्या जाहिरातींत चित्राला फार महत्त्व असे. धष्टपुष्ट खिल्लारी बैलांची जोडी, फेटा बांधलेला शेतकरी, मागे डोलणारे पीक आणि मध्यभागी ठळकपणे काढलेला नांगर किंवा पंप, असा त्या चित्रांचा सर्वसाधारण घाट असे. यंत्राचे नाव मोठ्या अक्षरांत लिहीत. दुकानांवर लावलेल्या पत्र्याच्या पाट्यांवर काचेसारखा चकचकीत मिना भट्टीत भाजून बसवीत. त्यामुळे ऊन व पाऊस लागूनही त्यांचे रंग अनेक वर्षे टिकत. दिनदर्शिकेची युक्ती तर आणखी चतुर होती. चित्र देवाचे वा निसर्गाचे, खाली तारखा आणि त्याखाली व्यापाऱ्याचे नाव! घरातील माणसे सण व तिथी पाहण्यासाठी दररोज तिच्याकडे पाहत आणि नकळत ते नाव त्यांच्या मनात ठसे.

नांगरानंतर खेड्याचे रूप ज्याने पालटले ते यंत्र म्हणजे पाणी उपसणारे इंजिन. पूर्वी विहिरीचे पाणी मोटेने काढीत. चामड्याची मोठी मोट विहिरीत सोडावी, बैलांनी उतारावरून पुढे जाऊन ती ओढावी आणि मग उलट पावली मागे यावे, असे दिवसभर चाले. उन्हाचा त्रास चुकविण्यासाठी पुष्कळ शेतकरी पहाटेच्या अंधारातच मोट जुंपीत. इंजिनाने हे काम थोड्या वेळात होऊ लागले. १९२६ साली किर्लोस्करवाडीस चक्राकार गतीने पाणी फेकणारे पंप तयार होऊ लागले आणि १९४६ साली पुण्यास तेलावरील इंजिने बनविणारा किर्लोस्करांचा कारखाना निघाला.

या इंजिनाचे तत्त्व जर्मन संशोधक रुडॉल्फ डीझेल यांनी शोधून काढले. त्यांच्या संकल्पनेनुसार बनविलेले इंजिन १८९७ साली यशस्वीपणे चालले. हवा जोराने दाबली की ती तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे टोक ऊन लागते, त्याचे एक कारण हेच. डीझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की तीत तेलाचा फवारा सोडताच तो आपोआप पेट घेतो. वेगळी ठिणगी लागत नाही. या लहानशा स्फोटाने दट्ट्या पुढे ढकलला जातो. दट्ट्याच्या चार खेपांपैकी एकाच खेपेत अशी शक्ती मिळते. उरलेल्या तीन खेपांत इंजिन चालू राहते, ते जड गतिचक्रात साठलेल्या वेगामुळे. जुनी इंजिने सावकाश फिरत आणि त्यांना बहुधा एकच नळकांडे असे. त्यामुळे प्रत्येक स्फोटाचा ठोका स्वतंत्र ऐकू येई. वृद्ध माणसांच्या कानांत अद्याप घुमणारा तो "पुक्‌ पुक्‌" आवाज असा उत्पन्न होत असे.

इंजिनाचा चौथरा कधीकधी विहिरीच्या आत, अर्ध्या उंचीवर बांधलेला आढळतो. त्याचेही कारण आहे. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो. वस्तुतः तो नळातील हवा काढून घेतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. हा दाब पाण्याला फार तर दहा मीटर उंच चढवू शकतो आणि प्रत्यक्षात सात मीटरांच्या आसपासच मर्यादा येते. म्हणून खोल विहिरीत पंप पाण्याच्या जवळ न्यावा लागे. गोठ्यातील एखादी जुनी वस्तू नीट पाहिली, तर अशा रीतीने विज्ञानाचा एखादा नियम तेथे उभा असलेला दिसतो.

पुढे ट्रॅक्टरचा काळ आला. आरंभी ट्रॅक्टर परदेशांतून येत. १९५९ साली दिल्लीजवळील फरीदाबाद येथे आयशरचा ट्रॅक्टर बनू लागला, तर १९६३ साली मुंबईत महिंद्र यांच्या पुढाकाराने ट्रॅक्टर बनविणारी कंपनी स्थापन झाली. त्याच सुमारास शेतीसुधारणेची ओढ देशभर पसरली होती. वऱ्हाडचे सुपुत्र डॉ. पंजाबराव देशमुख हे त्या वेळी केंद्र सरकारात कृषिमंत्री होते. त्यांच्या पुढाकाराने १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीस जागतिक कृषिप्रदर्शन भरले. अनेक देशांनी तेथे आपली यंत्रे मांडली होती. पंजाबरावांच्याच नावाचे कृषिविद्यापीठ १९६९ पासून अकोल्यास आहे आणि त्याचा लाभ मालेगावच्या परिसरासही मिळतो.

आज त्या जुन्या जाहिराती पाहताना मन सुखावते. चित्रातील आकाश स्वच्छ असते, पीक भरघोस असते आणि शेतकरी हसतमुख असतो. परंतु जाहिरात वाचताना ती काय दाखविते याबरोबर ती काय दाखवीत नाही, हेही पाहावे. चित्रात एकटा शेतकरी एका बैलजोडीने नांगर सहज चालवी. प्रत्यक्षात मोठा लोखंडी नांगर ओढण्यास दोन-तीन बैलजोड्या लागत आणि सर्वांजवळ इतके बैल नसत. मग शेजारी एकमेकांस बैल देत. आज तुझे शेत, उद्या माझे, अशी सावड चाले. ही सावड चित्रात कधी आली नाही. यंत्रासाठी काढलेले कर्ज चित्रात दिसले नाही. निंदणी करणाऱ्या व कापूस वेचणाऱ्या स्त्रियांचे कष्ट यंत्राने फारसे कमी केले नाहीत. त्याही बहुधा चौकटीबाहेर राहिल्या. कडबा सरकविताना पात्यात सापडणारी बोटे कोणत्या जाहिरातीत दिसणार? पुढे यंत्राने मळणी होऊ लागली, तेव्हा अशा अपघातांत अनेकांचे हात गेले. अखेर धोकादायक यंत्रांवर नियंत्रण ठेवण्यासाठी १९८३ साली केंद्र सरकारला कायदा करावा लागला.

आठवणींचेही काहीसे असेच असते. वृद्ध माणसाला इंजिनाचा ठोका आठवतो. ते सुरू करण्यासाठी हँडल मारताना आलेला घाम तो विसरतो. मोटेवरची गाणी आठवतात. पहाटेची थंडी विसरली जाते. यात लबाडी नसते. आपल्या तारुण्याशी जोडलेली प्रत्येक वस्तू मनुष्यास प्रिय वाटते. परंतु आठवण आणि वस्तुस्थिती यांतील अंतर ओळखण्यासाठी मूळ वस्तू समोर असावी लागते. नांगराचे वजन हाताने उचलून पाहिले, म्हणजे जाहिरातीतील हसरा शेतकरी किती खरा होता हे कळते.

दुर्दैवाने या वस्तू झपाट्याने नाहीशा होत आहेत. लोखंडाला वजनावर भाव मिळतो. भंगार घेणारा दारात आला की नांगर, चाक व इंजिन काही रुपयांत निघून जाते आणि भट्टीत वितळते. पत्र्याची पाटी गोठ्याच्या छपरास लागते. जुनी दिनदर्शिका चुलीत जाते. लोखंड पुन्हा उपयोगात येते, हे खरे. परंतु त्या नांगराने कोणाची जमीन उलटवली, तो कोणी व कसा विकत आणला, याची हकीकत मात्र पुन्हा घडविता येत नाही. सांगणारी माणसे वयोवृद्ध झाली आहेत.

ही हकीकत जतन करण्यासाठी मोठ्या इमारतीची गरज नाही. शाळेच्या एका खोलीत गावातील तिफण, वखर, नांगर व कुट्टीयंत्र ठेवता येईल. प्रत्येक वस्तूचे नाव, तिच्या भागांची नावे, ती कोणत्या कामास येई व ती कोणी दिली, हे एका कागदावर लिहिता येईल. यंत्राचे पाते झाकून ठेवावे आणि वृद्धांकडून ऐकलेली माहिती तारखेसह वहीत उतरवून घ्यावी. एखादी जुनी जाहिरात मिळाली तर ती यंत्राशेजारीच लावावी. मग पाहणाऱ्यास एका बाजूस दिलेले वचन दिसेल आणि दुसऱ्या बाजूस ते पाळण्यासाठी झिजलेले लोखंड दिसेल.

पोळ्याच्या दिवशी शेतकरी बैलांना सजवितो, त्यांना पुरणपोळी खाऊ घालतो आणि वर्षभराच्या कष्टांबद्दल कृतज्ञता व्यक्त करतो. ज्या अवजारांनी त्या बैलांच्या व माणसांच्या बरोबरीने काम केले, त्यांची जाण ठेवणे हाही त्याच कृतज्ञतेचा भाग आहे. जुन्या काळाकडे परत जाणे शक्य नाही आणि तसे जाण्याची आवश्यकताही नाही. परंतु आपण येथवर कोणाच्या श्रमाने आलो, हे जाणणारा मनुष्यच नव्या यंत्राची निवड डोळसपणे करू शकतो. नव्या जाहिराती आजही दररोज आपल्यापुढे येतात. त्यांतील चित्र पाहून भुलण्यापूर्वी, पहिल्या लोखंडी नांगराकडे संशयाने पाहणाऱ्या आणि पारखून घेतल्यावरच तो स्वीकारणाऱ्या त्या जुन्या शेतकऱ्याची आठवण ठेवावी.